दोष एकाचा, भुर्दंड कोणाचा?

रस्त्यानें सरळ चाललेल्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीचा धक्का बसला, हाड मोडलें, इस्पितळांत महिना काढावा लागला, तर त्या महिन्याचें बिल कोणीं भरावयाचें? प्रश्न ऐकतांच शाळकरी पोरही सांगेल कीं, ज्यानें धक्का दिला त्यानें. नीतीला हें उत्तर पुरतें. व्यवहाराला पुरत नाहीं. धक्का देणारा कधीं कफल्लक असतो, कधीं पळून गेलेला असतो, आणि पुष्कळदां दोष आपला नव्हेच असें तो शपथेवर सांगत असतो. इस्पितळाचा कारकून मात्र बिल घेऊन उभा राहतो तो खाटेवर पडलेल्या माणसापाशीं. त्या शाळकरी उत्तराला कायद्याचें आणि पैशाचें पाठबळ मिळावयास दोनशें वर्षें लागलीं, आणि अजूनही तें पुरतेपणीं मिळालें आहे असें म्हणवत नाहीं.

ही हकीकत मोटारींपेक्षां जुनी आहे. १८०८ सालच्या डिसेंबरांत सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांच्यापुढें बेकर नांवाच्या एका इंग्रज गृहस्थाचा दावा चालला. बेकर आणि त्याची पत्नी भाड्याच्या घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करीत होतीं. गाडी उलटली. बेकरला मुका मार बसला. बाईंना मात्र इतकी जबर दुखापत झाली कीं, सुमारें महिन्यानें त्या इस्पितळांत वारल्या. बेकरचा धंदा मद्यगृहाचा, आणि त्यांतलें बरेंचसें काम बाईच पाहत असत. संसाराचें सुख गेलें, धंद्याचा आधार गेला, मनाला दुःख झालें, या सर्वांची भरपाई गाडीवाल्यांनीं करावी, असें त्याचें मागणें होतें. एलनबरोंनीं ज्यूरीला बजावलें कीं, बेकरची स्वतःची दुखापत आणि अपघातापासून पत्नीच्या मृत्यूपर्यंतचा काळ, एवढ्यापुरताच विचार करावा. कारण माणसाचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत फिर्याद करण्याजोगी हानिच नव्हे. ज्यूरीनें बेकरला १०० पौंड दिले आणि प्रकरण मिटलें.

नीट पाहिलें तर या नियमाचा अर्थ भयंकर होता. गाडीवाल्यानें एखाद्याचा पाय मोडला तर त्याला भरपाई द्यावी लागे. जीवच घेतला तर विधवेला एक दमडीही द्यावी लागत नसे. ज्यांत माणसाला मारून टाकणें जायबंदी करण्यापेक्षां स्वस्त पडतें असा हा कायदा होता, आणि घोड्यांच्या काळांत तो कसाबसा खपून गेला. आगगाडी आल्यावर तो खपेना.

२४ डिसेंबर १८४१ रोजीं लंडनच्या पश्चिमेस सॉनिंग येथील खोदाईंत ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी खचलेल्या मातीच्या ढिगावर आदळली. पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे कांहीं पाथरवट नाताळासाठीं घरीं निघाले होते. उघड्या डब्यांत बसलेले ते लोक या अपघातांत सांपडून मेले. त्या वेळीं इंग्लंडांत एक जुनाट रूढि जिवंत होती. ज्या वस्तूनें किंवा जनावरानें माणूस मारला ती वस्तु, किंवा तिची ज्यूरीनें ठरविलेली किंमत, राजाला अथवा जमिनीच्या धन्याला द्यावयाची. मूळ कल्पना ही वस्तु देवाला अर्पण करण्याची होती. पुढें देव बाजूला राहिला आणि वसुली उरली. सॉनिंगच्या ज्यूरीनें इंजिन व डबे यांवर १,००० पौंड बसविले. मेलेल्या पाथरवटांच्या बायकामुलांना त्यांतून कांहीं मिळावयाचें नव्हतें. इंजिनाला शिक्षा आणि विधवेला उपास, हा प्रकार तेव्हांच्या सुशिक्षितांनाही लाजिरवाणा वाटूं लागला.

लॉर्ड कॅम्बेल यांनीं १८४६ सालीं दोन कायदे बरोबरच मंजूर करून घेतले. एकानें ती रूढि बंद केली. दुसऱ्यानें, दुसऱ्याच्या दोषामुळें मेलेल्या माणसाचे पतिपत्नी, आईबाप व मुलें यांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. हिंदुस्थानांत बोरीबंदर ते ठाणें ही पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८५५ सालीं, त्याच नमुन्याचा कायदा या देशासाठींही झाला. आगगाडीच्या पाठोपाठ भरपाईचा कायदा इतक्या लौकर आला, ही गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या जमेस मांडावयास हरकत नाहीं.

येथपर्यंत हक्काची गोष्ट झाली. पण आजच्या मध्यमवर्गीय घरांत जो प्रश्न हटकून निघतो तो याहून निराळा आहे. अपघात झालेल्या माणसानें स्वतःच दूरदर्शीपणानें विमा उतरविला असेल, आणि त्या विम्यांतून बिल भागलें असेल, तर दोषी माणूस सुटला काय? या प्रश्नाचें पहिलें महत्त्वाचें उत्तर १८७४ सालचें आहे. ब्रॅडबर्न नांवाचा एक प्रवासी रेल्वेच्या निष्काळजीपणामुळें जखमी झाला. त्यानें अपघाताचा खाजगी विमा काढलेला होता व त्यापोटीं त्याला ३१ पौंड मिळाले होते. रेल्वेचें म्हणणें असें कीं, एवढे पैसे त्याला मिळालेच आहेत, तेव्हां आमच्या भरपाईंतून ते वजा करावे. न्यायालयानें तें ऐकलें नाहीं. त्यानें हप्ते भरले ते स्वतःसाठीं, रेल्वेसाठीं नव्हेत. विम्याची रक्कम त्याला अपघातामुळें मिळाली हें वरवर खरें. परंतु वस्तुतः ती त्याला मिळाली त्याच्या करारामुळें आणि त्यानें भरलेल्या हप्त्यांमुळें. एकाच्या काटकसरीचा लाभ दुसऱ्याच्या बेपर्वाईला मिळूं नये, हें तत्त्व तेव्हां मांडलें गेलें. मुंबईच्या उच्च न्यायालयांत तोच वाद दीडशें वर्षांनीं पुन्हां कसा उभा राहिला, तें पुढें येईल.

मग मोटार आली. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत, प्रदर्शनासाठीं फिरविल्या जाणाऱ्या एका मोटारीखालीं ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाच्या बाई सांपडून मेल्या. मोटारीखालीं मेलेली ब्रिटनमधील ही पहिली पादचारी. ज्यूरीनें अपघाती मृत्यु असा निर्णय दिला आणि कोणाला दोषी धरलें नाहीं. आगगाडी आणि मोटार यांत एक मोठा भेद होता. आगगाडीचा मालक म्हणजे गडगंज कंपनी. तिच्यावर हुकूमनामा मिळाला कीं पैसे वसूल झालेच म्हणून समजावें. मोटारीचा मालक कोणीही असूं शकतो. हप्त्यानें गाडी घेतलेला, उद्यां दिवाळें काढणारा, परवां गांव सोडून जाणारा. त्याच्याविरुद्ध मिळालेला हुकूमनामा हा पुष्कळदां भिंतीवर चिकटवावयाचा कागद ठरे.

मालकानें विमा उतरविला असला तरी संकट टळत असे असें नाहीं. १९२८ सालीं इंग्लंडांत हॅरिंग्टन मोटार कंपनीचें प्रकरण गाजलें. या कंपनीच्या गाडीनें एका पादचाऱ्याला जखमी केलें. त्यानें दावा जिंकला. कंपनीनें विमा उतरविला होता आणि विमेवाल्यांनीं रक्कमही दिली. पण मध्यंतरीं कंपनीचें दिवाळें निघालें होतें. म्हणून ती रक्कम गेली दिवाळखोरीच्या व्यवस्थापकाकडे आणि तेथून सगळ्या सावकारांत वांटली गेली. ज्याच्या मोडलेल्या हाडांपायीं ते पैसे आले, त्याच्या वाट्याला इतरांच्याइतकाच तुकडा. कायद्याच्या दृष्टीनें यांत चूक कांहींच नव्हती, कारण विम्याचा करार कंपनी आणि विमेवाला यांच्यांतला. पादचारी त्यांत कोणीच नव्हता. अक्षराला धरून चाललेला कायदा किती निष्ठुर होऊं शकतो याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सांपडणें कठीण.

या निकालानंतर पार्लमेंटनें दोन कायदे केले. पहिल्यानें, विमेदाराचें दिवाळें निघाल्यास विम्याची रक्कम थेट जखमी माणसाकडे जावी असें ठरविलें. दुसरा १९३० सालचा रस्ते वाहतुकीचा कायदा. त्यानें मोटार रस्त्यावर आणावयाची असेल तर त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला. याआधीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९२७ पासून व न्यूझीलंडनें १९२८ सालीं अशी सक्ती केली होती. ‘त्रयस्थ’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. विम्याच्या करारांत पहिला पक्ष मोटारमालक, दुसरा विमा कंपनी; आणि ज्याचें या दोघांशीं कांहींच देणेंघेणें नाहीं, पण ज्याच्या अंगावर गाडी जाते, तो तिसरा. जगांतील बहुतेक करार ज्यांनीं सह्या केल्या त्यांच्यासाठीं असतात. सही न करणाऱ्याच्या संरक्षणासाठीं केलेला हा एक विलक्षण करार होय.

इस्पितळांच्या बिलाचाही विचार याच वेळीं झाला. त्या काळचीं इंग्लंडांतील पुष्कळ इस्पितळें धर्मादाय देणग्यांवर चालत, आणि त्यांच्या खाटा मोटारीच्या अपघातांतील जखमी माणसांनीं भरूं लागल्या होत्या. विमेवाल्यानें जखमी माणसाला भरपाई दिली, तर इस्पितळाच्या खर्चाचा कांहीं भागही त्यानें द्यावा, असें १९३० च्या कायद्यानें सांगितलें. १९३४ सालीं आणखी एक तरतूद झाली. अपघाताच्या जागीं डॉक्टरनें जी पहिली तातडीची शुश्रूषा केली, तिच्यासाठीं प्रत्येक जखमी माणसामागें बारा शिलिंग सहा पेन्स, त्या वेळीं जो गाडी वापरीत असेल त्यानें द्यावे. दोष कोणाचा हें तेथें विचारावयाचें नाहीं. निर्दोष मोटारवाल्यालाही ते आधीं द्यावे लागत. दोषी दुसरा असेल तर मागाहून त्याच्याकडून वसूल करावे. रक्कम क्षुल्लक होती, पण विचार मोलाचा होता. आधीं बिल भागवावें, मग दोषाचा वाद घालावा, हा क्रम कायद्यानें तेव्हां मान्य केला. हिंदुस्थानांत तोच क्रम येण्यास पुष्कळ वर्षें लागणार होतीं.

इकडे १९१४ सालीं मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला होता. त्यांत नोंदणी होती, परवाना होता. विम्याची सक्ती नव्हती. तोपर्यंत मोटार ही संस्थानिकांची, साहेबांची आणि मोठ्या व्यापाऱ्यांची वस्तु. पण १५ जुलै १९२६ रोजीं मुंबईंत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुरू झाली, आणि शहराचा सामान्य मनुष्य मोटारीच्या आंतही आला व तिच्या वाटेंतही आला. १९३६-३७ सालीं मोटार विम्याच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं सरकारनें रॉटन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिच्या अहवालानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याचें आठवें प्रकरण त्रयस्थाच्या सक्तीच्या विम्याचें. कायदा १९३९ च्या जुलैंत अमलांत आला खरा, परंतु हें एक प्रकरण मागें ठेवण्यांत आलें. तें लागू झालें १ जुलै १९४६ रोजीं. मधल्या सात वर्षांत एक महायुद्ध होऊन गेलें, आणि त्या काळांत मोटारीखालीं सांपडलेल्यांना जुन्याच वाटेनें न्याय शोधावा लागला.

या प्रकरणाचा गाभा एका कलमांत होता. न्यायालयानें मोटारमालकाविरुद्ध हुकूमनामा दिला, तर तो विमा कंपनीनें जणूं स्वतःवरच झाला आहे असें समजून फेडावा. मालक आणि कंपनी यांच्यांत कराराबद्दल तंटा असला, तर कायद्यांत सांगितलेल्या थोड्या सबबी सोडून बाकीचा तंटा त्यांनीं आपसांत मागाहून मिटवावा. जखमी माणसाला त्यांत ओढूं नये. पुढें १९५६ च्या दुरुस्तीनें या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें स्थापण्याची सोय झाली. दिवाणी न्यायालयाच्या लांबलचक रांगेंतून अपघाताचे दावे बाहेर काढावे, हा तिचा हेतु होता.

हेतु किती सफल झाला याचीं दोन उदाहरणें पाहण्याजोगीं आहेत. १९६० सालच्या डिसेंबरांत नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी एका कंपनीची मोटार झाडावर आदळली. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवीत होता. मेला तो शेजारी बसलेला प्रवासी. त्याच्या विधवेचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत निकालांत निघालें १९७७ सालीं. निकाल विधवेच्या बाजूनें झाला आणि कंपनीला आपल्या नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलें. परंतु खाजगी मोटारींत फुकट बसलेल्या माणसाचा विमा सक्तीचा नव्हता. म्हणून विमेवाल्याची जबाबदारी करारांत लिहिलेल्या १५,००० रुपयांपुरतीच धरण्यांत आली. मित्राच्या गाडींतून जाणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें पुरता त्रयस्थही नव्हता. आजही पुष्कळांना हा भेद ठाऊक नसतो. ज्या स्वस्त विम्यांत केवळ कायद्यानें सक्तीचा तेवढाच भाग असतो, त्यांत गाडींतल्या पाहुण्यांचें काय होतें, हें हप्ता भरतांना विचारणारे गृहस्थ थोडेच.

दुसरें उदाहरण अहमदाबादचें. १९६६ च्या फेब्रुवारींत तेथें एका मोटारीला मालमोटारीनें धडक दिली. मोटारींतील दोघांपैकीं एक मेला, एक जखमी झाला. दोष मालमोटारीचा. त्या वेळच्या कायद्यांत मालमोटारीच्या विम्याला ‘एका अपघातासाठीं’ २०,००० रुपयांची मर्यादा होती. विमा कंपनीचें म्हणणें, अपघात एक, म्हणून दोघांना मिळून २०,०००. मेलेल्याच्या वारसांनीं आणि जखमी माणसानें ते आपसांत वांटून घ्यावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत पोंचलें तेव्हां १९८१ साल उजाडलें होतें. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीं. पुण्यांत कायद्याचें शिक्षण झालेले हे न्यायाधीश मराठी वाचकांना परके नाहींत. त्यांनीं शब्दाचा अर्थ धक्का देणाऱ्याच्या बाजूनें न पाहतां धक्का खाणाऱ्याच्या बाजूनें पाहिला. गाडीवाल्याला अपघात एकच दिसेल. परंतु ज्या दोघांवर तो कोसळला त्या प्रत्येकाचा अपघात निराळा. म्हणून मर्यादा प्रत्येक माणसापाठीमागें स्वतंत्र मोजावयाची. एका शब्दाच्या अर्थासाठीं पंधरा वर्षें गेलीं हें खरें. पण त्या अर्थानें पुढें कितीतरी घरें सांवरलीं.

दोष सिद्ध करावयाचा प्रश्न तसाच राहिला होता. मुंबईच्या एका प्रकरणांत उच्च न्यायालयानें असें मत मांडलें होतें कीं, दोष सिद्ध होवो न होवो, मोटारमालकानें भरपाई द्यावी. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें मत मोडून काढलें. कायदा तसा नाहीं, बदलावयाचा असेल तर संसदेनें बदलावा. संसदेनें १९८२ सालीं तो थोडासा बदलला. मृत्यु झाल्यास १५,००० आणि कायमचें अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये, दोष कोणाचा हें न विचारतां. धक्का देऊन गाडी पळून गेली तर ५,००० व १,००० रुपयांची सोयही तेव्हांच झाली. १९८८ च्या नव्या कायद्यानें, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्रयस्थाच्या मृत्यूसाठीं व दुखापतीसाठीं विम्याची जुनी रकमेची मर्यादाच काढून टाकली. १९९४ सालीं जखमी माणसाला स्वतः राहतो तेथील न्यायाधिकरणांत दावा लावतां येऊं लागला. नाशिकच्या माणसाला मद्रासेकडे झालेल्या अपघातासाठीं मद्रासला खेपा घालण्याचें कारण उरलें नाहीं. दावा लावण्याची सहा महिन्यांची मुदतही तेव्हां काढली गेली; २०१९ च्या दुरुस्तीनें ती १ एप्रिल २०२२ पासून पुन्हां बसविली, आणि तिच्याविषयींचा वाद न्यायालयांत गेला. त्याच दिवसापासून दोष सिद्ध न करतां मिळणारी रक्कम मृत्यूसाठीं ५ लाख व गंभीर दुखापतीसाठीं अडीच लाख झाली.

परंतु हीं सर्व रक्कम मिळण्याच्या दिवसाचीं गणितें. अपघाताच्या रात्रीचें काय? १९८९ सालच्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयापुढें परमानंद कटारा यांचा अर्ज निकालांत निघाला. एका स्कूटरवाल्याला मोटारीनें पाडलें. त्याला जवळच्या इस्पितळांत नेलें, तों तेथील डॉक्टरांनीं हें पोलिसांत जाणारें प्रकरण म्हणून सुमारें २० किलोमीटर दूरच्या दुसऱ्या इस्पितळाची वाट दाखविली. तो वाटेंतच मेला. या वर्तमानपत्री बातमीवरून तो अर्ज झाला होता. न्यायालयानें सांगितलें कीं, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरनें आधीं जीव वांचवावा. पोलिसांचे सोपस्कार मागाहून. उपचार करावे हें ठरलें. त्यांचे पैसे कोणीं द्यावे, हें मात्र ठरावयाचें राहिलें.

ते पैसे द्यावयाचे म्हटले कीं शहरी कुटुंब आपल्या आरोग्यविम्याकडे वळतें. ‘मेडिक्लेम’ नांवाची योजना भारतांत १९८६ सालीं सुरू झाली आणि ती पगारदार घरांतून झपाट्यानें पसरली. येथें ब्रॅडबर्नच्या ३१ पौंडांचा जुना वाद नव्या वेषांत पुढें आला. धडक देणाऱ्या गाडीची विमा कंपनी न्यायाधिकरणांत म्हणूं लागली कीं, यांच्या इस्पितळाचें बिल यांच्या मेडिक्लेमनें आधींच भरलें आहे. तें आम्हीं पुन्हां कां भरावें? एकाच जखमेचे दोनदां पैसे मिळत नाहींत काय? युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, आणि कांहीं निकालांतून तो मान्यही झाला होता. आयुर्विम्याच्या रकमेपुरता प्रश्न राज्य परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यांत १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सोडविला होता; मृताच्या कुटुंबाला मिळालेली आयुर्विम्याची रक्कम भरपाईंतून वजा करावयाची नाहीं. मेडिक्लेमविषयीं मात्र मुंबई उच्च न्यायालयांतच मतें दुभंगलीं होतीं. म्हणून प्रश्न तीन न्यायाधीशांच्या पूर्णपीठाकडे गेला, आणि मार्च २०२५ मध्यें उत्तर मिळालें कीं, मेडिक्लेमची रक्कमही वैद्यकीय खर्चाच्या भरपाईंतून वजा करावयाची नाहीं. मेडिक्लेम हा हप्ते भरून केलेला करार आहे. अपघाताची भरपाई हा कायद्यानें दिलेला हक्क आहे. एकाच्या शहाणपणाचा फायदा दुसऱ्याच्या कंपनीला मिळावा असें कायद्यांत कोठें लिहिलेलें नाहीं. हें निकालपत्र हातीं येईपर्यंत ज्या घरांनीं मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून न्यायाधिकरणांत बिलें लावलींच नाहींत, त्यांचें नुकसान कोणी मोजलेलें नाहीं. अशा घरांत बिलांच्या मूळ प्रति मेडिक्लेमवाल्यांकडे जातात. त्यांच्या प्रमाणित नकला, पंचनामा आणि समोरच्या गाडीच्या विम्याचा क्रमांक एवढें जपून ठेवणाराचा दावा पुढें उभा राहतो.

माणसाच्या हाडांपेक्षां गाडीच्या पत्र्याचा हिशेब अधिक विचित्र आहे. विमा कंपन्यांनीं एकमेकींशीं असा ठराव केलेला असे कीं, दोष कोणाचाही असो, प्रत्येकीनें आपापल्या विमेदाराची गाडी दुरुस्त करून द्यावी. कंपन्यांचा कागद वांचतो हें खरें. पण निर्दोष मालकानें स्वतःच्या विम्यांतून दुरुस्ती घेतली, कीं त्याच्या खात्यावर एक मागणी नोंदली जाते आणि सलग पांच निर्वेध वर्षांनीं ५० टक्क्यांपर्यंत चढलेली हप्त्यांतील सूट शून्यावर येते. शिवाय दुरुस्तीचा जो भाग करारानें मालकाच्या माथीं असतो तो त्यालाच भरावा लागतो. इंग्लंडांत १९३६ सालीं अशाच एका मालकानें समोरच्यावर संपूर्ण रकमेचा दावा लावला. कंपन्यांच्या आपसांतील ठरावानें मालकाचा हक्क बुडत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. भारतांतही समोरच्याकडून पत्र्याची भरपाई मागतां येते, परंतु सक्तीच्या विम्याची त्यासाठींची मर्यादा १९६९ च्या दुरुस्तीनें २,००० व १९८८ च्या कायद्यानें ६,००० रुपये एवढीच धरली होती. इतक्या पैशांत आजकाल दिव्याची कांचही धड बसत नाहीं, म्हणून बहुतेक मालक निमूटपणें सूट सोडतात आणि गाडी गॅरेजांत लावतात.

अपघाताच्या रात्रीच्या बिलाचें उत्तर २०१९ च्या दुरुस्तींत लिहिलें गेलें. अपघातानंतरच्या पहिल्या तासांतील उपचारांसाठीं सरकारनें रोख पैसे न घेण्याची योजना करावी, असें तिनें सांगितलें. ती योजना जाहीर झाली ५ मे २०२५ रोजीं. कोणत्याही रस्त्यावर मोटारीमुळें अपघात झाला, तर नेमलेल्या इस्पितळांत प्रत्येक जखमी माणसाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, रोख पैसे न देतां मिळावे. दोष कोणाचा, गाडीचा विमा होता कीं नव्हता, हें खाटेपाशीं विचारावयाचें नाहीं. बारा शिलिंग सहा पेन्सांच्या त्या इंग्रजी तरतुदीला तेव्हां एक्याण्णव वर्षें होऊन गेलीं होतीं. आठव्या दिवसापासूनचें बिल मात्र पूर्वीच्याच वाटेनें जातें. आधीं घरच्या शिलकेंतून किंवा मेडिक्लेममधून, आणि तेथून पावत्यांच्या गठ्ठ्यासह न्यायाधिकरणाच्या पायऱ्यांवर.